पाण्याखालची सहल आणि हवेचा हिशेब

मुंबईत गिरगावात ठाकुरद्वाराजवळ फणसवाडी आहे. बालाजीच्या देवळामुळे ती पुष्कळांना ठाऊक असते. तिथल्या चाळींतून कोकणातली बिऱ्हाडे जुनी. आता कोकणातला माणूस म्हणजे समुद्राचा शेजारी, असे आपण सहज म्हणून जातो. पण आमच्या चाळीत समुद्राला भिणारी माणसेच जास्त. त्याला कारण आहे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. त्यांत गिरगाव-परळकडची माणसे होती. ती आठवण वाडीतल्या म्हाताऱ्या माणसांनी मुलांना सांगितली, मुलांनी नातवंडांना.

तेव्हा गेल्या मार्गशीर्षात आमच्या गणपतीच्या मंडळातल्या अकरा जणांनी मालवणला जाऊन समुद्रात बुडी घेण्याचा बेत जाहीर केला, त्या वेळी खालच्या मजल्यावरच्या आजींनी चौकटीत उभ्या राहून विचारले, “पाण्यावरून जाता ते पुरे नाही का रे, खाली कशाला जाता?”

प्रश्न रास्त होता. आम्ही हसून वेळ मारून नेली. पण परत आल्यावर मला वाटू लागले, की ह्या प्रश्नाला नीट उत्तर दिले पाहिजे, आणि ते आजींनाच नव्हे, तर तुम्हालाही. कारण हे आता एकट्या मुंबईकरांचे खूळ राहिलेले नाही. सुगी आटोपली, की घाटावरची मंडळी मालवणला येतात, शाळांच्या सहली येतात, आणि गाडीतून पाय खाली टेकतो न टेकतो तोच “स्कूबा करणार का, स्कूबा?” असा पुकारा कानी पडतो. पैसे मोजण्यापूर्वी आपण काय करायला निघालो आहोत, हे माणसाला कळलेले बरे.

‘स्कूबा’ हा इंग्रजी शब्दांची पहिली अक्षरे जुळवून केलेला शब्द. त्याचा अर्थ एवढाच, की पाण्याखाली श्वास घेण्याचे साधन ज्याचे त्याच्यापाशी असणे. वरून कोणी नळीने हवा पुरवायची नाही. पाठीवर टाकी, तोंडात झडप, आणि चला खाली.

तुमच्यापैकी विहिरीत पोहायला शिकलेल्यांनी लहानपणी एक उद्योग नक्की केला असेल. पपईच्या देठाची पोकळ नळी तोंडात धरायची, तिचे टोक पाण्याबाहेर ठेवायचे, आणि आपण बुडून बसायचे. वीतभर खोलीवर हे जमते. मग मनात येते, की नळी दोन पुरुष लांब केली तर विहिरीच्या तळाशी का बसता येऊ नये? तर येत नाही. दोन-तीन फुटांखाली गेले, की छातीच फुलेनाशी होते. बाहेरून पाणी छातीला चेपते आणि नळीतून येणारी हवा मात्र वरच्या, मोकळ्या दाबाची. गुरुजी, वर्गात हा प्रश्न मुलांना जरूर विचारा. पण नळी घेऊन विहिरीवर मात्र पाठवू नका.

म्हणजे पाणबुड्याला नुसती हवा मिळून भागत नाही. तो ज्या खोलीवर असेल, तिथल्या पाण्याच्या दाबाचीच हवा त्याच्या तोंडाशी आली पाहिजे, आणि तीसुद्धा त्याने श्वास ओढला तरच. हे कोडे फ्रान्समध्ये १९४३ साली सुटले. झाक कुस्तो हा नौदलातला अधिकारी आणि एमिल गान्यां हा इंजिनिअर, अशी ती जोडी. महायुद्धात पेट्रोल मिळेना म्हणून मोटारी गॅसवर चालवण्याची खटपट सुरू होती, आणि इंजिन जेवढा मागेल तेवढाच गॅस सोडणारी एक झडप गान्यांने तयार केली होती. कुस्तोने इंजिनाच्या जागी माणूस बसवला! त्याच वर्षी उन्हाळ्यात फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, भूमध्य समुद्रात, ते साधन पाण्याखाली नीट चालले.

युद्ध संपल्यावर त्या समुद्राच्या काठाकाठाने पाणबुड्यांचे क्लब निघाले. १९५९ साली मोनाको येथे त्यांचा जागतिक महासंघ स्थापन झाला आणि कुस्तोच त्याचा पहिला अध्यक्ष झाला. आजही युरोपातले असे क्लब दहा-पंधरा जणांची टोळी करून सुट्टीत माल्टा किंवा गोझो ह्यांसारख्या बेटांवर जाऊन राहतात. सकाळी बुडी, दुपारी जेवण, पुन्हा बुडी, आणि रात्री वहीत नोंद: किती खोल, किती वेळ, किती हवा उरली. सहल ती सहल, आणि हिशेब तो हिशेब. ही हिशेबाची वही मला सगळ्यात महत्त्वाची वाटते.

आता हा हिशेब कसला, ते पाहू.

एक कळशी उपडी करून विहिरीत सरळ खाली दाबा. आत हवा कोंडलेली असते, म्हणून पाणी एकदम भरत नाही. पण ती जसजशी खाली न्याल, तसतसे पाणी तोंडातून थोडे थोडे आत चढते, कारण हवा आकसत जाते. दहा मीटर, म्हणजे सुमारे तेहतीस फूट खाली गेलात, की कळशी बरोबर निम्मी पाण्याने भरलेली असेल. वीस मीटरवर हवा तिसरा हिस्सा उरते, तीस मीटरवर चौथा. गंमत पाहा: सर्वांत मोठा फरक पहिल्या दहा मीटरांतच पडला! पुष्कळांची समजूत असते, की धोका तो खोल पाण्यात, उथळात काय व्हायचे आहे? हवेच्या बाबतीत ही समजूत उलटी आहे.

पाठीवरच्या टाकीत साधारण अकरा-बारा लिटर पाणी मावेल. तिच्यात दोनशेपट दाबून हवा भरतात, म्हणजे झाली बावीसशे ते चोवीसशे लिटर. शांत बसलेला पाणबुड्या मिनिटाला अंदाजे पंधरा-वीस लिटर हवा घेतो असे धरले, तर वर ही टाकी दोन तास पुरावी. दहा मीटर खाली तीच टाकी तासभर पुरते, कारण प्रत्येक श्वासात दुप्पट हवा जाते. त्यात माणूस घाबरला, हातपाय झाडू लागला, की तो हवा नुसती पिऊ लागतो आणि तासाचा अर्धा तास होतो. म्हणून शिकवणारे पहिल्याने पोहणे शिकवत नाहीत, सावकाश श्वास घ्यायला शिकवतात.

आकसणाऱ्या हवेचा पहिला तडाखा कानाला बसतो. आंबोलीचा घाट एस. टी. ने उतरताना कानांत दडे बसतात ना? तेच इथे सात-आठ फुटांवर होते, आणि पुष्कळ जोराने. नाक चिमटीत धरून हलकेच फुंकर मारली, की घशातून कानाकडे जाणारी वाट उघडते आणि दडा सुटतो. दर दोन-तीन फुटांना हे करीत जायचे. दुखायच्या आधी करायचे, दुखल्यावर नव्हे.

इथे माझी फजिती सांगितली पाहिजे. गाडीत रात्री खिडकीशी बसून मला सर्दी झाली होती. किनाऱ्यावर एक कागद भरून द्यावा लागतो. दमा आहे का, फिट येते का, हृदयाचा विकार आहे का, कान फुटला होता का, आज सर्दी-पडसे आहे का, असे प्रश्न त्यात असतात. मी सर्दीपुढे ‘नाही’ लिहिले. अकरा जण आलो, पैसे भरले, आता मीच एकटा नावेत बसून राहू की काय! आम्हाला खाली नेणारा दांडीच्या किनाऱ्याचा मालवणी तरुण बजावत होता, “कान दुखाक लागलो तर लगेच हात दाखवा, लाजू नकात.” मी लाजलो. दहा फुटांवर डाव्या कानात कोणी सुई खुपसावी तशी कळ आली, आणि तरीही मी दोन फूट आणखी खाली गेलो. त्या तरुणाने माझ्या डोळ्यांकडे पाहिले मात्र, खांद्याला धरून मला वर घेतले. वर आल्यावर नाकातून थोडे रक्त आले. तो रागावला नाही, माझ्या कागदाकडे एकदा पाहून एवढेच म्हणाला, “हे तुम्ही आधी सांगूक होया होता.” मुंबईला आल्यावर डॉक्टरांनी सांगितले, की पडदा फाटला नाही हे नशीब. पंधरा दिवस मला त्या कानाने कमी ऐकू येत होते.

खाली जाताना हवा आकसते, तशी वर येताना ती फुगते, आणि ह्यातून स्कूबाचा पहिला नियम निघतो: श्वास कधीही रोखून धरायचा नाही. विहिरीत सूर मारणाऱ्याला हा नियम चमत्कारिक वाटेल, कारण त्याची सारी विद्या दम धरण्यात. पण त्याने छातीत भरून घेतलेली हवा ही वरचीच असते. खाली ती आकसते आणि वर आल्यावर होती तेवढी होते. स्कूबावाला मात्र खालीच दाबाची हवा छातीभर घेतो. तो तोंड मिटून वर आला, तर ती फुगत जाऊन फुप्फुस फाटू शकते, आणि त्यासाठी फार खोलही जावे लागत नाही. चार-पाच फुटांचा फरकसुद्धा घातक ठरू शकतो. तेव्हा पट्टीचा पोहणारा इथे जास्त जपला पाहिजे. त्याची जुनी, चांगली सवयच त्याच्यावर उलटते.

दुसरी गोष्ट थोडी सूक्ष्म आहे. आपण गोटीची सोडावॉटरची बाटली फोडतो तेव्हा काय होते? दाबाखाली पाण्यात मुरलेला वायू दाब सुटताच बुडबुडे होऊन उसळतो. पाणबुड्याच्या रक्तामांसात तसाच हवेतला नायट्रोजन मुरतो. तो खोल आणि फार वेळ राहून झपकन वर आला, तर अंगातच सोडा फुटतो. सांधे दुखतात, पाय लुळे पडतात, माणूस दगावतोही.

ग्रीसच्या सिमी नावाच्या बेटावरचे लोक पिढ्यान् पिढ्या समुद्रतळाचे स्पंज काढून पोट भरीत. १९०० साली त्यांच्या एका टोळीला अँटिकिथिरा बेटाजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या बुडालेल्या गलबताचा शोध लागला. पितळी शिरस्त्राणाचा जड पोशाख घालून त्यांनी पुतळे, भांडी, आणि पुढे जगप्रसिद्ध झालेले ग्रहगतीचे एक दातेरी यंत्र वर काढले. पण त्या कामात त्यांचा एक गडी मेला आणि दोघे अधू झाले. त्यांच्यात धाडस कमी नव्हते, एकजूटही होती. किती खोलीवर किती वेळ राहावे, ह्याचे कोष्टक मात्र नव्हते. वास्तविक रोगाचे कारण पॉल बेर ह्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ सालीच छापून ठेवले होते. वर येण्याचे कोष्टक तयार झाले ते १९०८ साली. हॉल्डेन नावाच्या ब्रिटिश शास्त्रज्ञाने बंद टाकीत शेळ्या कोंडून दाब वाढवला, कमी केला, आणि कोणती शेळी लंगडते हे पाहत हिशेब बसवला. आज मनगटावरचे यंत्र पाणबुड्याला जो इशारा देते, त्याच्या मुळाशी त्या शेळ्यांचे लंगडणे आहे.

मालवणला सहलीत जी बुडी देतात, ती वीस-तीस फुटांची आणि पाऊण घटकेची, म्हणजे वीस-एक मिनिटांची असते. तेवढ्याने सहसा असे काही होत नाही. पण जो दिवसभर पुनःपुन्हा बुड्या घेतो, त्याने पुढे निदान अठरा तास विमानात बसू नये. उंचावर हवेचा दाब कमी, म्हणजे बाटलीचे झाकण पुन्हा सैल केल्यासारखेच. गोव्याहून विमानाने परतणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. आम्ही कुडाळहून रेल्वेने परतलो. तिथे ही चिंता नाही.

एक फरक मात्र कळू द्या. ह्या सहलीच्या बुडीत शिकवणारा मागून आपली टाकी धरून असतो, आणि खाली-वर नेणारा तोच. पोहता येत नसले तरी चालते ते म्हणूनच. ह्यावरून आपण पाणबुडे झालो असे कोणी समजू नये. खरे शिक्षण तीन-चार दिवसांचे असते. आधी पुस्तकी भाग, मग तलाव, मग समुद्र. ते झाले, की साठ फुटांपर्यंत जोडीदाराबरोबर जाता येते. तारकर्लीला राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाने त्यासाठी तरणतलावासह संस्था उभारली आहे.

जोडीदार हा शब्द मुद्दाम वापरला. पाण्याखाली एकटे जायचे नाही, हा जगभरचा रिवाज. आपली हवा संपली, तर त्याच्या टाकीला लावलेली जादा झडप आपल्या तोंडात येते. बोलणे नसल्यामुळे सगळा कारभार खुणांचा, आणि तिथे एक खूण आपल्याला हमखास फसवते. आपण अंगठा वर केला, की ‘फक्कड!’ असा अर्थ. पाण्याखाली त्याचा अर्थ ‘मला वर न्या’. आमच्यातल्या एकाने मासे पाहून आनंदाने अंगठा दाखवला आणि त्याला तत्काळ वर आणण्यात आले. बिचारा दिवसभर हळहळत होता. ‘ठीक आहे’ ह्याची खूण म्हणजे अंगठा आणि तर्जनी ह्यांचे कडे.

मालवणात अशी जोडीदारी नवी नव्हे. रापण ओढताना पाहिली आहे ना? सगळा गाव दोरीला लागतो, आणि मासळीचे वाटे पडतात. आम्हाला नेणारा तरुण रापणकरांच्याच घरातला. तो नावेत चढताना डोकी मोजी, उतरताना मोजी, पाण्यात मोजी.

आणि पाहिले काय, हे विचाराल. मी दुसऱ्या दिवशी नावेतच बसलो, तेव्हा हे दहा जणांच्या तोंडून ऐकलेले. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर पोवळ्यांची झाडे-झुडपे, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचे मासे, फटीतून डोकावणारा गोबरा, साळिंदरासारखे काटे फुलवून बसलेले जीव. लाल रंग मात्र कोणाला फारसा दिसला नाही, कारण पाणी उन्हातला लाल रंग पहिल्या काही मीटरांतच गिळून टाकते. खाली बोट कापले, तर रक्तही हिरवट-काळे दिसते. काचेच्या मुखवट्यातून मासा खऱ्यापेक्षा सुमारे एक-तृतीयांशाने मोठा दिसतो. तेव्हा ‘एवढा होता’ असे सांगणाऱ्या मित्राला तेवढी सूट द्या!

माल्टाचे पाणी स्फटिकासारखे, कारण त्या बेटावर बारमाही नदीच नाही. गाळ येणार कोठून? आपल्याकडे कर्ली नदी समुद्राला मिळते, भरती-ओहोटीत पाणी पुरुषभर चढते-उतरते, आणि वारा फिरला, की हातभर पुढचे दिसत नाही. पाणी गढूळ असले, तर पैसे गेले असे समजू नका. नदीने आणलेल्या त्याच गाळावर मासळी पोसते.

किल्ला १६६४ साली बांधायला घेतला तेव्हा त्याच्या पायात शिसे ओतले होते. आमचे लोक कमरेला शिशाचे पट्टे बांधून त्याच पायाशेजारी उतरले. इथला सुमारे २९ चौरस किलोमीटर समुद्र १९८७ साली अभयारण्य म्हणून जाहीर झाला. मच्छीमारांचा त्याला विरोध होता, आणि ज्यांचे पोट त्या पाण्यावर त्यांना आधी विचारायला हवे होते, असे मलाही वाटते. पण पोवळे वर्षाला बोटभरसुद्धा वाढत नाही म्हटले तरी चालेल, आणि एक नांगर ओढला गेला तर वीस वर्षांची वाढ मोडते. माशांना पाव-बिस्किटे चारून छायाचित्रे काढण्याची जी रीत पडली आहे, तीही मला बरी वाटत नाही.

शेवटी नावेविषयी. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ स्कूबाहून परतणारी वीस पर्यटकांची नाव उलटली आणि दोघे दगावले. पाण्याखाली नव्हे, वर. आजींचा प्रश्न मला तेव्हा आठवला, आणि तो अर्धाच बरोबर होता असे वाटले. बुडीचा विचार सगळे करतात. जाण्या-येण्याच्या अर्ध्या तासाचा कोणी करीत नाही. म्हणून पैसे देण्यापूर्वी विचारा: नावेत माणसे किती बसवता? प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट आहे का, आणि ते जाता-येता अंगावर बांधून घेता का? एका शिकवणाऱ्यामागे एकच माणूस ना? प्रकृतीचा कागद भरून घेता का? प्राणवायूची नळकांडी किनाऱ्यावर कोठे ठेवली आहे? चांगला माणूस ह्या प्रश्नांनी चिडत नाही. जो “काय होत नाही हो, चला” म्हणेल, त्याच्या नावेत पाऊल टाकू नका, दर निम्मा असला तरी.

ऑक्टोबरपासून मेच्या मध्यापर्यंत हंगाम. पावसाळ्यात नावा किनाऱ्यावर शाकारलेल्या असतात. बुडीआधी दोन तास पोटभर जेवू नये, आदल्या रात्री दारू तर मुळीच नाही. आमच्या अकरा जणांचा बेत पुन्हा ठरला आहे. ह्या खेपेला कागद भरताना माझ्या शेजारी मंडळाचे चिटणीस बसणार आहेत, आणि सर्दीपुढचा रकाना ते स्वतः वाचणार आहेत.